दोन ठिपके, एक रेघ

लॉज, खोली नंबर सहा
४ जानेवारी

प्रिय बेबी,

पोलीस चौकीतून गेलेला निरोप तुझ्या शेजारणीनं तुझ्या कानाशी ओरडून सांगितलाच असेल. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि असलं काही मला ओरडून सांगता येत नाही. म्हणून लिहितो.

तुझी वहिनी हरवली. हे तीन शब्द आधी वहीच्या मागच्या पानावर लिहून पाहिले. इतकी वर्षं पोरांकडून ‘पाटी हरवली’, ‘छत्री हरवली’ लिहून घेतलं. तिथे माणूस कधी घालून पाहिला नव्हता.

तू नको म्हणत होतीस, तरी आम्ही एकवीस डिसेंबरला निघालो. आम्ही दोघांनी पहिल्यांदा शिकवलं ती शाळा तिला दाखवायची होती. ती खिडकी, तो फळा, मागचं मैदान दिसलं की तिच्या डोक्यातला विझलेला दिवा पुन्हा लागेल असं मला वाटायचं. का वाटायचं ते तुला ठाऊक आहे. माझं नाव ती विसरली, पण मी तिसरीच्या वर्गासाठी जुळवलेलं ढगांचं गाणं विसरली नव्हती. दिवसातून वीसदा विचारायची, ‘आभाळाच्या दोरीवरती कुणी टांगले ढग?’ आणि माझ्याकडे बघत बसायची. मी ‘वाऱ्याने ते पळवुन नेले, शोधत बैस मग’ म्हणेपर्यंत घास तोंडात घ्यायची नाही. ज्या बाईला एवढं आठवतं तिला बाकीचंही आठवेल, असा माझा हिशेब.

वाटेत गाडी बदलायची होती. बसस्थानकावर तिला बाकावर बसवलं आणि मी तिकिटं काढायला गेलो. दहा मिनिटांत परत आलो, तर बाक रिकामा. तिथून एका वेळी चार दिशांना चार गाड्या सुटतात. त्यातल्या एखाद्या गाडीत ती बसली असेल, कुणीतरी बसवलं असेल. अंगात तिचा तो तपकिरी मळखाऊ गाऊन होता. पोलिसांना तसंच लिहून दिलं, फोटोही दिला.

दोन आठवडे याच गावात बाकडी तपासत फिरलो. काल रात्री मोज्यांचा जोड पंख्याखाली वाळत घालताना एक गोष्ट सुचली, तेव्हापासून जरा धीर आला आहे. आपल्या परटाची खूण. दोन ठिपके आणि मधे आडवी रेघ. घरातल्या प्रत्येक कपड्यावर ती पक्क्या काळ्या शाईनं घातलेली आहे. ती जिथे कुठे असेल, कुणीतरी तिला ठेवून घेतलं असेल, तर तिचे कपडे कुठेतरी धुतले जातच असतील. धुणाऱ्याची नजर खुणेवर जातेच. तेव्हा त्या चार दिशांच्या गावांत जाऊन लॉन्ड्रीवाल्यांना, धोब्यांना, इस्पितळांच्या धुलाईघरांना माझ्या सदऱ्यावरची खूण दाखवायची असं ठरवलं आहे. रंग मी कुणाला सांगणारच नाही. रंग विटतो, माणूस वाळतो, चेहरा बदलतो. परटाची खूण कापड फाटेपर्यंत राहते.

पहिल्यापासून मला ती खूण तारेवर बसलेल्या दोन पाखरांसारखी दिसते. तू हसशील. हस.

पत्र याच लॉजवर पाठव. मॅनेजर भला माणूस आहे, मी जिथे असेन तिथे पुढे धाडीन म्हणाला.

तुझा
दादा


११ जानेवारी

दादा,

तुझं पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा तुझा राग आला. जिला घरातल्या घरात न्हाणीघर सापडत नव्हतं, तिला तू चाळीस वर्षांपूर्वीची शाळा दाखवायला निघालास. आणि पत्रात काय, तर पाखरं. तुझ्यापुढे कुणी बुडत असलं तरी तू आधी पाण्याचा रंग बघशील.

असो. झालं ते झालं. बोलून माझं तोंड दुखतं आणि तुझे कान किटतात.

तुझी युक्ती मात्र मला पटली. तुझ्या सगळ्या आयुष्यात पटलेली ही दुसरी. पहिली म्हणजे तू वहिनीशी लग्न केलंस ती. मी स्वतः परटाकडे जाऊन आले. त्याला विचारलं, “तपकिरी गाऊनवर खूण नक्की आहे का रे?” तर म्हणाला, “बेबीताई, कॉलरच्या आत डाव्या अंगाला. आधीची शाई दिवाळखोर, धुऊन धुऊन फिकी झाली होती, म्हणून मीच पक्क्या शाईनं दुसऱ्यांदा फिरवली. मास्तरांच्या घरची खूण मी मुंडकं उडालं तरी ओळखीन.” म्हणजे तपकिरी गाऊन अंगात असेल तर खूण आहेच. तेवढं धरून चाल.

फोटो कुठला दिलास ते लिहिलं नाहीस. निवृत्तीच्या समारंभातला दिला असशील तर तुला काय म्हणावं? त्यात तिचा केवढा अंबाडा आहे, चष्मा आहे. गेल्या वर्षी मीच तिचे केस कानापर्यंत कापले, आणि चष्मा ती खायला लागली म्हणून तूच काढून ठेवलास.

लॉजमध्ये कपडे धुतोस ते नीट पिळत नसशील. धुतलेला सदरा कोरड्या टॉवेलवर पसरायचा, दोन्हींची वळकटी करायची आणि वर गुडघा देऊन दाबायचं. सगळं पाणी टॉवेल पितो. मग पंख्याखाली सकाळपर्यंत वाळतो. ओला मोजा पायात घालू नकोस, तुझी छाती धरते.

आणि एक विचारते, राग मानू नकोस. घरात तू अंघोळीला जातानासुद्धा मला बोलावून आणून तिच्याजवळ बसवायचास. मग तिकिटासाठी तिला एकटी बाकावर सोडून गेलास कसा? शेजारच्या बाईला ‘जरा बघा हो’ एवढंही म्हणाला नाहीस?

बेबी


दुसरं गाव, लॉजचा वरचा मजला
२७ जानेवारी

प्रिय बेबी,

फोटो निवृत्तीचाच दिला. दुसरा खिशात नव्हता, आणि मला ती अजून तशीच दिसते. तू म्हणालीस म्हणून चौकीत जाऊन ‘केस आता आखूड’ एवढं लिहायला लावून आलो.

टॉवेलची वळकटी जमली. या लॉजच्या न्हाणीघरात पाटी आहे, ‘येथे कपडे धुऊ नयेत’. पाटीच्या खालच्याच खिळ्याला माझ्याआधीच्या कुणीतरी दोरी बांधून ठेवली आहे. या दोरीच्या आशीर्वादानं माझं चाललं आहे. दोन सदरे, दोन पायजमे. एक अंगात, एक दोरीवर. साबणाची वडी आता बदामाएवढी उरली. धुतलेलं कधी पुरतं वाळत नाही. बस पकडायची असली की ओलं तसंच पिशवीत कोंबतो आणि पुढच्या गावी गेलो की आधी पिशवीचा कुबट वास येतो. बेबी, प्रवास म्हणजे डोंगर, नदी, झुकझुक गाडी असं मी पोरांना जन्मभर शिकवलं. प्रवास म्हणजे हा वास आहे.

आजवर एकतीस लॉन्ड्र्या झाल्या. सदऱ्याची कॉलर उलटून खूण दाखवली की लोक मन लावून बघतात. एक इस्त्रीवाली म्हणाली, “आजोबा, माझ्या नवऱ्याला मी वीस वर्षं शोधत नाही, आणि तुम्ही बायकोला कॉलरवरून शोधताय.” मग तिनंच खुणेचं चित्र काढून भिंतीवर चिकटवलं.

बावीस तारखेला इथल्या मोठ्या इस्पितळात गेलो. धुलाईघर तळमजल्यावर, मागच्या बाजूला. मोठाले हौद, वाफ, भिंतीला पाणी सुटलेलं. तिथला धुलाईवाला माझ्याच वयाचा, हाताची कातडी पांढरी पडलेली. बेवारस रुग्णांचे अंगावरचे कपडे धुऊन त्याच्याच कपाटात राहतात म्हणाला. आत गेला, एकेक कॉलर पाहिली, बाहेर आला. “नाही मास्तर. दोन ठिपके एक रेघ कुठेच नाही. दोन-तीन कपडे तर कोरे आहेत, कुणाच्याच खुणेचे नाहीत.” मी हुश्श केलं. का केलं कोण जाणे.

मी तिथे घड्या केलेल्या चादरींच्या चळतीवर हात टेकून उभा होतो. घड्या अशा, की जणू कोऱ्या वह्या रचल्या आहेत. मी म्हटलं, “तुमच्या माणसांचा हात छान आहे.” तर तो हसला. “माझ्या माणसांचा कुठला. वर बायकांच्या वॉर्डात एक म्हातारी आहे, कंडक्टरनं आणून सोडलेली. बोलत नाही धड. वाळलेल्या चादरी तिच्या पलंगावर नेऊन टाकल्या की दिवसभर घड्या घालते. आधी चादर नाकाशी नेते, हुंगते, मग कोपऱ्याला कोपरा. नर्सबाई तिला घडीवाल्या आजी म्हणतात.”

ऐकून मला बरं वाटलं. जगात कुठेतरी कुणीतरी कोपऱ्याला कोपरा जुळवतं आहे. भेटीची वेळ चार वाजता होती आणि आसपासच्या खेड्यांच्या फेरीसाठी माझी बस तीनची. खूण नव्हतीच, उगाच दुसऱ्या कुणाच्या आजीसमोर जाऊन कशाला उभं राहायचं? निघालो.

आता परवा तिसऱ्या दिशेला जातो आहे. पत्ता पाठीमागे लिहिला आहे.

दादा


५ फेब्रुवारी

दादा,

तू माझ्या प्रश्नाचं उत्तर दिलं नाहीस. माझ्या लक्षात आलं आहे. तुला वाटतं मी बहिरी म्हणजे आंधळीही.

त्या घड्या घालणाऱ्या म्हाताऱ्या बाईचं वाचलं आणि काळजात लक्कन हललं. वहिनीसुद्धा आधी हुंगायची. मी चिडवायची तिला, “धुतलंय गं, आता काय त्याचा अत्तराचा वास घेतेस?” तर म्हणायची, “उन्हाचा वास आला नाही तर घडी घालायची नाही, आत दमट राहतं.” पत्र हातात धरून मी थेट परटाकडे गेले. त्यानं विचारलं, “तपकिरी गाऊनच होता ना अंगात?” मी म्हटलं, “मास्तरांनी तसंच लिहिलंय, पोलिसांतही तेच दिलंय.” मग तो म्हणाला, “मग त्या इस्पितळातली बाई आपली नव्हे. माझी शाई भट्टीतसुद्धा जात नाही. खूण नाही म्हणजे नाही.”

तेव्हा मी पत्राची घडी करून परत आले. वास घेऊन घड्या घालणाऱ्या बायका जगात पुष्कळ असतील. आपल्या दुःखाला वाटतं, सगळं आपल्याकडेच बोट दाखवतंय.

तुझ्या घराला रोज झाडू मारून येते. दोरीवर तुझं एक धोतर-पंचा काही नाही, नुसती दोरी. चिमटे मात्र सगळे वहिनीनं ओळीनं लावून ठेवलेले आहेत, दारापासून खिडकीपर्यंत. मला काढवत नाहीत.

जेव. खोकला असेल तर लिही, लपवू नकोस.

बेबी


तिसरं गाव
१२ फेब्रुवारी

प्रिय बेबी,

खोकला आहे. पण लपवलं आहे ते दुसरंच.

आज सकाळी जवळच्या खेड्यातून परत इथल्या बसस्थानकावर उतरलो तर सदऱ्यावर चहा सांडला होता. नळ होता, म्हणून तिथेच कॉलर आणि बाही धुवायला वाकलो. साबण लावला, चोळलं, पाणी ओतलं, आणि पिळता पिळता एकदम मागे वळून बघितलं. मागे बाक होता, रिकामा. एक म्हातारा पिळलेली बाही धरून रिकाम्या बाकाकडे बघत उभा आहे असं लोकांना दिसलं असेल. कुणीतरी विचारलं, “आजोबा, काही हरवलं का?” मी बाही पुन्हा पिळायला लागलो.

त्या दिवशी मी तिकिटाच्या खिडकीवर नव्हतो. नळावर होतो.

बसमध्ये तिला कळलं नाही आणि गाऊन भिजला. सगळा. शेजारचे दोघं उठून पुढे जाऊन बसले. तिला तेवढं मात्र कळलं. तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. तू तिला ओळखतेस. वर्गात एखाद्या पोराला असं झालं की ती इतरांना खिडकीबाहेरचं पाखरू दाखवायची आणि तेवढ्यात त्या पोराला गुपचूप बाहेर न्यायची. उतरल्यावर मी तिला स्वच्छतागृहाच्या आडोशाला नेलं, तपकिरी गाऊन उतरवला, पिशवीतला निळा घातला. तू दिलेला, मोठ्या खिशांचा. बाकावर बसवलं. म्हटलं, “इथून हलायचं नाही.” तिनं विचारलं, “आभाळाच्या दोरीवरती कुणी टांगले ढग?” मी म्हटलं, “आलोच, मग सांगतो.” ओला गाऊन पिशवीत कोंबला असता तरी चाललं असतं. पण सगळ्या पिशवीला वास लागला असता आणि पुढच्या बसमध्ये लोक पुन्हा उठले असते. म्हणून धुवायला गेलो. पाठ तिच्याकडे होती. शेवटचा थेंब जाईपर्यंत पिळत बसलो. वळलो तेव्हा बाक रिकामा.

तिचं उत्तर द्यायचं राहिलं, बेबी. तशीच गेली ती.

चौकीत पाचसहा जण बसले होते. हवालदार लिहिता लिहिता मोठ्यानं वाचत होता. “अंगावर काय होतं? कपडे का बदलले?” एवढ्या लोकांत ते मला सांगवेना. तपकिरी म्हणालो. एकदा म्हणालो ते म्हणालो. आणि मनाला समजावलं, रंगानं काय होतं, निळ्यावरही तीच खूण आहे, तपकिरीवरही तीच. खूण सापडली की झालं. तुलाही त्याच संकोचानं खोटं लिहिलं. तू तिला हसली नसतीस हे ठाऊक असूनही.

आणखी एक. मी खुणेच्या मागे लागलो याचं खरं कारण पाखरं नव्हेत. पहिल्या दोन आठवड्यांत पोलिसांनी मला तीन म्हाताऱ्या दाखवल्या. दोन जिवंत, एक नाही. प्रत्येक वेळी चादर बाजूला होईपर्यंत मी डोळे मिटून घ्यायचो. कॉलर बघायची म्हणजे चेहरे बघावे लागत नाहीत. असा मी आहे. कविता शिकवणारा.

तपकिरी गाऊन माझ्या पिशवीत आहे. प्रत्येक गावी एकदा धुतो.

दादा


१८ फेब्रुवारी, सकाळ

दादा,

तुझ्यावर चिडायला वेळ नाही. पत्र हातात पडताच लिहिते आहे.

निळ्या गाऊनवर खूण नाही.

तो गाऊन तिनं परटाकडे कधी टाकलाच नाही. मी दिला तेव्हा तिचं डोकं अजून बरं होतं. मला म्हणाली, “बेबी, याचा रंग भट्टीत जाईल गं. हा मी माझ्या हातानंच धुईन.” तिला धुता येईनासं झालं तेव्हा तो मी धुवायची, तुझ्याकडून परटाच्या गठ्ठ्यात जाऊ नये म्हणून माझ्या घरी आणून. तुला हे माहीतच नाही. तुझ्या घरातली खूण नसलेली वस्तू एवढी एकच.

तो धुलाईवाला काय म्हणाला होता? ‘दोन-तीन कपडे कोरे आहेत.’ आणि वर घडीवाली आजी, कंडक्टरनं आणलेली.

तू मला निळा लिहिलं असतंस तर मी तुला त्याच दिवशी परत धाडलं असतं. माझं काळीज हललं होतं, मीच ते दाबलं. तुझ्या शब्दाखाली दाबलं. पण हे आता नको.

शेजारणीकडून त्या इस्पितळात फोन लावतेय, कुणी उचलत नाही. तुझ्या लॉजवर लावला, तिथला माणूस म्हणाला मास्तर सकाळीच बाहेर पडतात, निरोप देतो. त्याच्या निरोपावर माझा भरवसा नाही. म्हणून हेही टाकते.

मिळेल ती गाडी पकड. कपडे ओले असतील तर तिथेच टाक. तिच्यापुढे उभा राहा आणि आधी तिची ओळ पुरी कर. बाकी काही बोलू नकोस.

बेबी


दुसरं गाव
२७ फेब्रुवारी

प्रिय बेबी,

निरोप मिळाला नाही. पत्र मिळालं, बावीस तारखेला. त्याच दुपारी निघालो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी इस्पितळात पोचलो. तिथून तुला फोन करवला होता, पण शेजारणीला मी एवढंच सांगू शकलो की पत्र लिहितो. त्यावरून तू ओळखलं असशीलच.

पंधरा तारखेला पहाटे गेली. छातीत पाणी झालं होतं. मी तुला खरं लिहिलं त्यानंतर तिसऱ्या दिवशी. नियमाप्रमाणे पाच दिवस वाट पाहिली, मग इतर दोघांबरोबर तिलाही नेलं. कुठे नेलं ती जागा मला दाखवली. तिथे काही बघण्यासारखं नाही.

नर्सबाई लेकीच्या वयाच्या आहेत. पोलिसांची यादी त्यांनी पाहिली होती. त्यात तपकिरी गाऊन, अंबाडा, चष्मा. आखूड केसांचं मी नंतर लिहवलं, ते चौकीतून पुढे गेलंच नाही. “आमच्या आजींशी काहीच जुळत नव्हतं हो,” त्या म्हणाल्या. पलंग दाखवला. खिडकीशी आहे. खिडकीतून धुलाईघराच्या गच्चीवरच्या दोऱ्या दिसतात. बावीस जानेवारीला मी तिच्या खिडकीखालीच उभा होतो, बेबी, तिनं घातलेल्या घड्यांवर हात टेकून. मधे एक जिना होता. एकोणतीस पायऱ्या. आज मोजल्या.

नर्सबाई म्हणाल्या, “त्रास काहीच नव्हता त्यांचा. फक्त जो येईल त्याला एकच विचारायच्या. कुणी टांगले ढग? आम्ही काहीबाही सांगायचो. देवानं, सूर्यानं, मीच टांगले आजी. त्या मान हलवायच्या, नाही म्हणायच्या, आणि थांबून राहायच्या. घास हातात धरून. शेवटी शेवटी आम्ही विचारलंच, आजी, तुम्हीच सांगा ना उत्तर. तर म्हणाल्या, ते आलेच, मग सांगतील.”

मी तिथे उभं राहून पुढची ओळ म्हणालो. तू सांगितलं होतंस म्हणून. पलंगावर दुसरी बाई होती, पायाला प्लास्टर घातलेली. ती बिचारी म्हणाली, “छान आहे हो.” मी चाळीस वर्षं ही ओळ हसवण्यासाठी म्हणत आलो. पोरं हसायची. शोधत बैस मग. कुणी लिहिलं असेल असलं काही, म्हणून चिडावं, तर लिहिणारा मीच.

मग खाली गेलो. धुलाईवाल्यानं मला ओळखलं. त्यानं काही न विचारता कपाटातून निळा गाऊन काढून दिला. धुतलेला, इस्त्री केलेला. खिशात तेरा चिमटे होते, तेही वेगळ्या पुडीत बांधून ठेवले होते. गच्चीवरून वाळलेल्या चादरी येत, त्यांना चुकून राहिलेले चिमटे ती जमवायची म्हणे. बसायला त्यानं एक पालथी बादली पुढे सारली. मग तो म्हणाला, “मास्तर, तुम्ही रंग सांगितला असता तर.” मी म्हटलं, “हो.” कपाट लावता लावता म्हणाला, “मी विचारला असता तर.” मी म्हटलं, “नाही, तुम्ही नाही.”

गाऊनची कॉलर उलटून पाहिली. खूण आहे, बेबी. काळ्या शाईत, ‘ब ७’. म्हणजे बेवारस, सातवा पलंग. मी विचारलं, “ही कधी घातलीत?” तो खाली बघून म्हणाला, “तुम्ही येऊन गेलात त्याच संध्याकाळी. तुमच्या खुणेसाठी कॉलरी बघताना लक्षात आलं की हा कोराच आहे. बिनखुणेचं कापड आमच्याकडे ठेवत नाहीत, हरवतं.”

तुझा वळकटीचा उपाय आठवला म्हणून सांगतो, निळा गाऊन मी धुतलेला नाही. त्याला इस्पितळाच्या साबणाचा वास आहे आणि दुसरा कुठलाच नाही. दोनदा नाकाशी नेला. घडी मला कोपऱ्याला कोपरा जमली नाही. तशीच ठेवली आहे.

दाखल्याचे कागद मिळायला आठवडा लागेल, मग घरी पोचेन. स्थानकावर येऊ नकोस. दोरीवरचे चिमटे राहू दे, ते मी काढीन.

एक काम मात्र मी यायच्या आत कर. परटाला जाऊन सांग, मास्तरांच्या घरची खूण मोकळी झाली. दोन ठिपके, एक रेघ. नवं बिऱ्हाड कुणी आलं असेल तर त्यांना देऊन टाक म्हणावं. माझ्या दोन सदऱ्यांना आता ती लागणार नाही. ते मी हातानं धुतो.

दादा